सहा घरांचा एकच खाजगी रस्ता : डांबर, काँक्रीट की पेव्हर? आणि पैसे कोणी किती द्यायचे?

शेवटचं_घर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून सविस्तर लिहितोय. आमची सहा घरं एका खाजगी रस्त्यावर आहेत, रस्ता साधारण १२० मीटर लांब, ३ मीटर रुंद, मेन रोडवरून आत वळतो आणि आमच्या दारात संपतो, म्हणजे आमचं सगळ्यात शेवटचं घर. आमच्याकडून मेन रोडकडे उतार आहे, फार नाही पण गाडी न्यूट्रलला टाकली तर आपोआप खाली जाईल इतका. रस्ता खडी-मुरमाचा आहे, म्हणजे होता, आता नुसते खड्डे आणि मधोमध पाण्याने पाडलेली एक घळ. दर पावसाळ्यानंतर आम्ही दोघंतिघं मिळून एक ट्रक मुरूम आणतो, फावड्याने पसरतो, आणि पुढच्या पावसात तो सगळा वाहून पहिल्या घराच्या फाटकाशी जाऊन बसतो. चार वर्षं हेच चाललंय.

आता एकदाचं पक्कं करून टाकू असं ठरलंय पण कोणी म्हणतं डांबर, कोणी म्हणतं काँक्रीट, एकाला पेव्हर ब्लॉकच पाहिजेत कारण दिसायला छान. आणि पहिल्या घरवाले म्हणतात मी एक पैसा देणार नाही, माझी गाडी तुमच्या रस्त्यावर जेमतेम १० मीटर येते आणि आत वळते. तांत्रिकदृष्ट्या काय करावं आणि वाटणी कशी करावी दोन्ही सांगा. कोणी असं सामायिक काम केलंय का?

पॅचवर्क_पीडित

केलंय आणि तोंड पोळलंय, म्हणून सांगतो. आमची पाच घरं होती, आम्ही असाच खड्ड्याखड्ड्यांचा रस्ता थोडा सारखा केला आणि वरून डांबर टाकून घेतलं. ठेकेदार सकाळी आला संध्याकाळी गेला, रस्ता इतका गुळगुळीत की आम्ही सगळे उगाच दोनदोन फेऱ्या मारून आलो. पहिल्या पावसाळ्यात कडा तुटायला लागल्या, दुसऱ्या पावसाळ्यात मगरीच्या पाठीसारख्या भेगा आणि मग एकेक तुकडाच उचलून यायला लागला. एका तुकड्याची जाडी मोजली तर २ सेंटिमीटर! कागदावर ५ होतं, पण ते दाबल्यानंतर ५ की दाबायच्या आधी ५ हे कुठेच लिहिलेलं नव्हतं आणि खाली पाया काय आहे हे तर आम्ही विचारलंच नव्हतं. तुम्ही वरचा थर कुठला यावर भांडताय, आम्हीही तेच केलं.

निवृत्त_मिस्त्री

वरच्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी आयुष्यभर रस्त्याच्या कामावर होतो, त्यामुळे जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

शेवटचं_घर, तुमच्या पोस्टमधेच उत्तर आहे. मुरूम वाहून जातो, मधोमध घळ पडते, म्हणजे तुमचा रस्ता रस्ता नाहीच, तो नाला आहे आणि तुम्ही त्यातून गाड्या चालवताय. नाल्यावर डांबर घातलं तरी तो नालाच राहतो. मॅकॅडम म्हणून जो इंग्रज काळातला रस्तेवाला होता, ज्याच्या नावाने आपण पाणी मारून दाबलेल्या खडीच्या थराला अजून वॉटर बाउंड मॅकॅडम म्हणतो, त्याचं दोनशे वर्षांपूर्वीचं म्हणणं एवढंच की वजन शेवटी खालची जमीनच पेलते, तिला कोरडी ठेवा म्हणजे ती पेलेल. एवढी मशिनरी आली पण त्यात काही बदललं नाही.

तर आधी ढाळ. पाणी रस्त्याच्या लांबीने धावता कामा नये, लवकरात लवकर बाजूला उतरलं पाहिजे. खडीचा रस्ता असेल तर मधला भाग कडेपेक्षा उंच, साधारण ४ टक्के ढाळ, म्हणजे तुमच्या ३ मीटरला मध्य आणि कड यात ६ सेंटिमीटरचा फरक. डांबर-काँक्रीटला २ टक्के, म्हणजे ३ सेंटिमीटर पुरतं कारण पृष्ठभाग गुळगुळीत असतो. रुंदी कमी आहे म्हणून एकाच बाजूला ढाळ दिला तरी चालेल, मग एकाच बाजूला चर लागेल, काम सोपं. पण चरातलं पाणी शेवटी कुठे सोडणार ते आधी ठरवा, आधीपासून असलेल्या गटारात की शोषखड्ड्यात. सरकारी रस्त्यावर किंवा कोणाच्या अंगणात असंच सोडून देता येत नाही.

मग पाया. सैल, चिखलट माती काढायची, खालची जमीन रोलरने दाबायची, आणि ती दाबली गेली की नाही हे बघायला भरलेला ट्रक त्यावरून हळू चालवायचा आणि आपण बाजूला वाकून चाकाकडे बघत राहायचं. जिथे जमीन चाकाखाली लवते आणि परत वर येते तिथे खोदा, ती जागा पुढे दगा देणार. चिकण माती असेल तर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, नाहीतर खडी हळूहळू मातीत रुतते आणि माती वर येते, तुमचे चार वर्षांचे ट्रक काही सगळेच वाहून गेले नसतील, निम्मे खाली गेले असतील. त्यावर खडीचा पाया दाबून निदान १५ सेंटिमीटर. एका वेळी १५ पेक्षा जाड थर दाबू नका, वरवर घट्ट दिसतो पण खाली पोकळ राहतो. आणि खडी क्रशरची, कोपरेवाली पाहिजे. नदीतला गोल गोटा स्वस्त म्हणून घ्याल तर तो गोट्यांसारखा घरंगळतच राहणार, एकमेकांत अडकत नाही.

हिशोब स्वतः करून ठेवा. १२० गुणिले ३ गुणिले ०.१५ म्हणजे दाबलेला ५४ घनमीटर पाया. सुटा माल चौथा हिस्सा तरी जास्त लागतो. तुम्हाला हा आकडा माहीत आहे एवढं कळलं तरी समोरचा माणूस जपून बोलतो.

आकडेमोड

तांत्रिक भाग काकांनी सांगितलाच, मी वाटणीचं बोलतो कारण भांडणं तिथेच होतात.

समजा सहा घरं सारख्या अंतरावर आहेत, रस्त्याचे २०-२० मीटरचे सहा तुकडे करा. पहिला तुकडा सगळेच वापरतात, त्याचा खर्च सहा जणांत. दुसरा तुकडा पहिलं घर वापरत नाही, तो पाच जणांत. तिसरा चार जणांत, असं करत शेवटचा तुकडा फक्त शेवटच्या घराचा. बेरीज केली की एकूण खर्चातला वाटा असा येतो, पहिलं घर २.८ टक्के, दुसरं ६.१, तिसरं १०.३, चौथं १५.८, पाचवं २४.२ आणि शेवटचं घर, म्हणजे तुम्ही, ४०.८ टक्के. आता तुम्हाला घाम फुटला असेल 😄

गंमत म्हणजे ही काही मी शोधलेली युक्ती नाही, गेम थिअरीत विमानतळाच्या धावपट्टीचा खर्च लहान-मोठ्या विमानांत वाटायला हेच गणित शिकवतात, त्यालाच शॅप्ली व्हॅल्यू म्हणतात, आणि त्या शॅप्लीसाहेबांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे पहिल्या घरवाले नोबेलच्या बाजूने आहेत म्हणा ना. पण शून्य नाही, २.८!

सरसकट समान वाटणी केली तर प्रत्येकी १६.७ टक्के, ते पहिल्या घराला अन्याय वाटणार. व्यवहारात मधला रस्ता (श्लेष हेतुपूर्वक) काढतात, निम्मा खर्च समान आणि निम्मा अंतराप्रमाणे. मग पहिलं घर ९.७ आणि तुम्ही २८.८ च्या आसपास. समान भागाचं कारण असं की रस्ता चांगला झाला की सगळ्याच घरांची किंमत वाढते, धूळ कमी होते, पाहुण्यांच्या गाड्या, सामानाचे टेम्पो सगळ्यांकडेच येतात.

नुसतं_वाचणारी

गाड्यांच्या संख्येप्रमाणे का नाही करत? एका घरात चार गाड्या आणि एका घरात एकटी आजी, तिने का द्यायचं?

आकडेमोड

ताई, पटण्यासारखं आहे पण गाड्या मोजणं बदलत राहतं, उद्या मुलगा गाडी घेतो, परवा विकतो, दरवर्षी नवी मोजदाद आणि नवं भांडण. अंतर बदलत नाही. शिवाय साध्या कारने रस्त्याचं फारसं बिघडतच नाही. अमेरिकेत १९५८ ते १९६० मधे मोठी चाचणी झाली होती, ठरावीक वजनाचे ट्रक तेच तेच ट्रॅकवर फिरवून, त्यातून ढोबळ नियम निघाला की नुकसान एक्सलवरच्या, म्हणजे चाकांच्या आडव्या दांड्यावरच्या, वजनाच्या चौथ्या घाताने वाढतं. १ टनाचा कारचा एक्सल आणि ८ टनाचा ट्रकचा एक्सल, वजन आठपट पण नुकसान साधारण ४०९६ पट. म्हणजे आजीच्या शेजाऱ्याच्या चार गाड्या सोडा, कोणी घरावर मजला चढवायला काढला आणि वाळू-सिमेंटचे ट्रक आले तर तो खरा हिशोब. ते मात्र लिहून ठेवा की ज्याच्या बांधकामाचे ट्रक, त्याने रस्ता होता तसा करून द्यायचा, आणि काम सुरू व्हायच्या आधी फोटो काढून ठेवायचे.

पहिल्या_घरातला

मी इथे सहसा लिहीत नाही पण हे वाचून राहवलं नाही. तुमच्या नाही, दुसऱ्याच एका रस्त्यावरचा पहिल्या घरातला मी, आणि मीही सात वर्षं पैसे दिले नाहीत. सगळे मला चिक्कू समजायचे. मला कोणी एकदाही विचारलं नाही की बाबा तुझा त्रास काय. वरच्या सगळ्या घरांचं पाणी, मुरूम, पालापाचोळा माझ्या फाटकात. दर पावसात मी फावडं घेऊन उभा. आणि हे लोक येऊन सांगणार, काँक्रीट करूया, म्हणजे आधी जे पाणी थोडंफार मुरत तरी होतं ते आता सगळं सुसाट माझ्याकडेच येणार. त्यासाठी वर मीच पैसे द्यायचे!

शेवटचं_घर, तुम्हीच लिहिलंय की मुरूम पहिल्या घराच्या फाटकाशी जाऊन बसतो. ते वाक्य परत वाचा. १० मीटरचं कारण तोंडावर सांगायला सोपं असतं म्हणून सांगतात.

आमच्याकडे शेवटी माझ्या फाटकाच्या वरच्या अंगाला रस्त्याला आडवा जाळीचा चर केला, पाणी बाजूच्या गटारात वळवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मी माझा वाटा दिला, कोणी मागायच्या आधी.

शेवटचं_घर

वरच्या साहेबांनी गप्पच केलं मला. खरंच आम्ही त्यांना कधी विचारलं नाही, "ते तसेच आहेत" असं धरूनच चाललोय.

मिस्त्रीकाका, पाया आणि ढाळ समजलं, आता वरच्या थराचं पण सांगून टाका ना. आणि काहीच न करता खडीचाच नीट केला तर?

निवृत्त_मिस्त्री

खडीचाच नीट करणं यात कमीपणा काही नाही, ढाळ आणि चर असेल तर तोही चांगला राहतो, फक्त वर्षातून एकदोनदा हात फिरवावा लागतो. वरच्या थरात नुसती धुतल्यासारखी खडी नको, कच (खडीचा बारीक चुरा) आणि थोडी चिकट माती मिसळलेली पाहिजे म्हणजे ती बांधली जाते. खड्डा पडला की लोक त्यात मूठभर खडी टाकतात, ती आठवड्यात उडते. खड्ड्याच्या तळाइतकं आजूबाजूचं खणून सैल करायचं, ओलं करायचं, रस्त्याचा मधला उंचवटा राखून परत दाबायचं. आणि गाड्या हळू चालवा, वेगाने गेलं की पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा उठतात.

डांबर. पाया नीट असेल तर तुमच्यासारख्या रस्त्याला दाबून ५ सेंटिमीटर हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबर-खडीचं मिश्रण. माल दीडशे अंशांच्या आसपास गरम येतो आणि नव्वदच्या खाली जायच्या आत दबाई संपली पाहिजे, त्यामुळे रोलर आधी येऊन उभा पाहिजे, "येतोय वाटेत आहे" चालणार नाही. पावसात, ओल्या पायावर टाकू देऊ नका. दुसऱ्या दिवशी वापरता येतं, पण सुरुवातीचे काही महिने उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग पिळू नका, चाकाखाली डांबर ओरखडतं. सील कोट (डांबरावर मारायचा पातळ संरक्षक थर) पहिल्याच वर्षी मारून घ्या म्हणणाऱ्याला नको सांगा, निदान सहा महिने ते वर्ष जाऊ द्या, नंतर तीन ते पाच वर्षांनी. भेगा मात्र दर पावसाळ्याआधी भरायच्या, तेवढं केलं तरी रस्त्याचं आयुष्य कितीतरी वाढतं. डांबराला कड सगळ्यात नाजूक, दोन्ही बाजूंना साइडपट्टी भरून दाबून घ्या नाहीतर पॅचवर्क_पीडित यांच्यासारखं होणार.

काँक्रीट. १५ सेंटिमीटर जाड. पहिल्याच दिवशी, म्हणजे २४ तासांच्या आत, दर साडेतीन-चार मीटरवर ४-५ सेंटिमीटर खोल जॉइंट कापायचे. काँक्रीट आकसतं आणि तडकतंच, कुठे तडकायचं ते आपण ठरवायचं एवढंच. मिक्सरवाला मजुरांना सोपं जावं म्हणून वरून पाणी वाढवतो, ते करू देऊ नका, तिथेच ताकद जाते. निदान सात दिवस सतत ओलं ठेवा. त्या दिवसांत सहाही घरांच्या गाड्या बाहेर, कारण ३ मीटर रुंदीत अर्धा अर्धा रस्ता करता येत नाही. कोणाचं आजारपण, लग्नकार्य असेल तर तारीख आधी ठरवा. जड ट्रक २८ दिवस बंद.

पेव्हर. गाड्यांसाठी ६० मिलिमीटरचे देतो म्हणाला तर ८० चेच मागा, टेम्पो-ट्रक येणारच. खाली ३ सेंटिमीटर वाळू, ती उंचसखल पाया सारखा करायला वापरायची नसते, पाया आधीच सारखा पाहिजे. दोन्ही कडांना काँक्रीटचा कर्ब, म्हणजे पक्की कड, बांधलीच पाहिजे, नाहीतर ब्लॉक हळूहळू बाहेर सरकतात. उतारावर ब्रेक लागतात तिथे सरळ रांगा नकोत, मासळीच्या काट्यासारखी रचना करा, ती एकमेकांत अडकते. सांध्यांतली वाळू वर्षातून एकदा परत भरायची. फायदा म्हणजे खालून पाइप टाकायचा झाला तर ब्लॉक उचलून परत बसवता येतात.

पाइपावरून आठवलं, हे सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि राहूनच जात होतं. काहीही करा, पण वरचा थर टाकण्याआधी रस्त्याखालून दोन-तीन ठिकाणी आडवे रिकामे पाइप टाकून ठेवा, तोंडं बंद करून, आणि जागा नकाशावर लिहून. नवा रस्ता झाला की महिन्याभरात कोणालातरी केबल नाहीतर पाण्याची लाइन आठवतेच आणि तो कटर घेऊन येतो.

माझं मत विचाराल तर उतार आणि पाणी बघता खालचे ३०-४० मीटर काँक्रीट आणि वर डांबर किंवा खडी. पण चर आधी.

कागदपत्रं_आधी

एक मुद्दा कोणीच काढला नाही, रस्ता आहे कोणाचा? सहाही जणांच्या मालकीचा सामायिक आहे, की एकाच्या जमिनीतून बाकीच्यांना वहिवाट आहे? खरेदीखतं आणि नकाशे काढून बघा. नुसती वहिवाट असेल तर जाण्यायेण्याचा आणि सहसा दुरुस्तीचा हक्क असतो, पण खडीचा रस्ता उखडून काँक्रीट करणं ही दुरुस्ती की बदल यावर वाद होऊ शकतो, जमीनमालकाची लेखी संमती घ्या. नियम जागेप्रमाणे बदलतात म्हणून वकिलाला एकदा दाखवाच.

आणि करार करताना फक्त या कामापुरता करू नका. दरवर्षी किती जमा करायचे, खातं कोणाच्या नावाने (दोघांच्या सह्या), किरकोळ दुरुस्तीला बहुमत पुरे आणि मोठ्या बदलाला सगळ्यांची संमती, आणि घर विकलं तर नवीन मालकाला हे बंधनकारक, ते रीतसर नोंदवून. आमच्याकडे सगळं तोंडी होतं, दोन घरं विकली गेली, नवीन लोक म्हणाले आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. खरंच सांगितलं नव्हतं कोणी.

ठेकेदाराशी करारात दाबल्यानंतरची जाडी लिहा, आणि १० टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा.

पॅचवर्क_पीडित

ते १० टक्क्यांचं वाचून पोटात कळ आली. आम्ही संध्याकाळी सगळे पैसे देऊन वर बक्षिसी दिली होती.

शेवटचं_घर

तीन आठवड्यांनी लिहितोय, सगळ्यांचे आभार. मधे एक दणदणीत पाऊस झाला तेव्हा मी आणि चौथ्या घरातले काका छत्र्या घेऊन बाहेर पडलो, पाणी कुठून कुठे जातंय त्याचे व्हिडिओ काढत खालपर्यंत गेलो. इतकी वर्षं आपण म्हणतो कुठेतरी पाणी मुरतंय, इथे ते अजिबात मुरत नव्हतं, सगळं पहिल्या घरात शिरत होतं. आणि त्यातलं निम्मं रस्त्याचं नव्हतंच, माझ्या आणि पाचव्या घराच्या गच्चीचे पाइप सरळ रस्त्यावर सोडलेत! माझ्या स्वतःच्या घराचा पाइप मी कधी बघितला नव्हता.

पहिल्या घरवाले फाटकात फावडं घेऊन उभेच होते. मी काही बोललो नाही, त्यांच्याकडचं दुसरं फावडं घेतलं. अर्ध्या तासाने तेच म्हणाले, तो आडवा चर आधी करा, मग पैशाचं बोलू.

तर चर ठरलाय, खर्च सहा जणांत समान, त्याला कोणीच नाही म्हणालं नाही. आमच्या दोघांच्या गच्चीचे पाइप आम्ही आमच्या खर्चाने शोषखड्ड्याकडे वळवतोय. निम्मं समान, निम्मं अंतराने हे वाटणीचं कोष्टक मी सगळ्यांना पाठवलं, पाचव्या घरवाल्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही, निळी टिक मात्र आलीय. खरेदीखतं गोळा करतोय, चार मिळाली.

मिस्त्रीकाका, एक शेवटचं, जाळीच्या चराची रुंदी किती ठेवायची? आणि जाळी उचलता येणारी घ्यावी की कायमची बसवलेली?

निवृत्त_मिस्त्री

उचलता येणारीच. गाळ काढायचा तर हात आत गेला पाहिजे, म्हणून आतून फावडं फिरेल एवढा रुंद ठेवा, अरुंद चर पहिल्याच पावसात पाल्याने तुंबतो. जाळी ट्रकचं वजन घेणारी घ्या, कार चालेल एवढीच घेतली तर वर्षात वाकते आणि रात्री प्रत्येक गाडीला खडखड वाजते, आणि ती वाजणार पहिल्या घरवाल्यांच्या उशाशी. चराच्या तळालाही ढाळ द्या. चरातलं पाणी गटारात जाण्याआधी एक छोटा गाळखड्डा ठेवला तर साफ करायला सोपं जाईल. साफ कोणी करायचा ते पण आत्ताच लिहून घ्या.